खारट पाला आणि गोडें पाणी

(महाड व पोलादपूर तालुक्यांतील शेरडेंमेंढरें पाळणाऱ्या मंडळींपुढें केलेलें भाषण)



शेळीला काय खाऊं घालावें या विषयावर भाषण आहे असें ऐकून शहरांतला एखादा शहाणा हंसेल. त्याला खुशाल हंसूं द्यावें. ज्याच्या घरीं म्हैस बांधायला गोठा नाहीं आणि ज्याच्या नांवावर जमिनीचा तुकडा नाहीं, त्याच्या दारांत दोन शेरडें असतात. पोराच्या शाळेचा खर्च, म्हातारीचें औषध, पोरीच्या लग्नाची तजवीज, हें सारें त्या दोन शेरडांतून निघतें. शेळी पांच महिन्यांनीं विते, पुष्कळदां जुळीं देते, आणि अडीअडचणीला उभ्या बाजारांत रोख पैसा देते. २२ जुलै २०२१ रोजीं सावित्रीचें पाणी महाडांत शिरलें तेव्हां कित्येकांचे संसार धुऊन गेले. असा संसार पुन्हां उभा करणारा गरीब माणूस म्हशीपासून आरंभ करीत नाहीं, शेळीपासून करतो. म्हणून शेळीच्या पोटाचा प्रश्न हा गरिबाच्या पोटाचा प्रश्न आहे, आणि त्याची चर्चा भर सभेंत होणें योग्यच आहे.

आपल्याकडे उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांची उणीव नाहीं. कचेरींत बसून चाऱ्याचीं पत्रकें काढणारे पुष्कळ आहेत. त्या पत्रकांत ‘सकस आहार द्यावा’ असें लिहिलेलें असतें. तो आणावा कोठून हें लिहिलेलें नसतें. आम्ही आज जें सांगणार आहों तें एक तागडी, एक बादली आणि दोन डोळे यांच्या जोरावर तुम्हांला घरीं ताडून पाहतां येईल. पटलें तर घ्यावें, न पटलें तर टाकून द्यावें.

सावित्री महाबळेश्वरच्या डोंगरांत उगम पावते, पोलादपूरच्या खोऱ्यांतून खालीं येते, महाडाजवळ गांधारीला पोटांत घेते, आणि दासगांव, आंबेत करीत बाणकोटाला समुद्रास मिळते. समुद्राची भरती या नदींतून थेट महाडपर्यंत चढते. नदी एक, पण तिच्या काठीं राज्यें दोन: वर गोड्या पाण्याचें, खालीं खाऱ्या पाण्याचें. वर पोलादपुराकडे पावसाचा मारा जमिनींतलें मीठ धुऊन नेतो. खालीं भरतीचें पाणी खाजणांत मीठ आणून सोडतें. वरचें शेरडूं मिठासाठीं भिंत चाटतें, आणि खालचें शेरडूं चाऱ्यासाठीं खारट पाल्याला तोंड लावतें.

वैशाख लागला कीं खाडीकाठच्या गांवांत एकच विचारणा ऐकूं येते. तिवराचा पाला शेरडांना घालावा कीं नाहीं? बांधावरची खारी घोळ चालेल कीं नाहीं? एक म्हणतो, ‘आमचीं शेरडें खातात आणि टणटणीत आहेत.’ दुसरा म्हणतो, ‘आमचीं दोन करडें त्यानेंच गेलीं.’ मग दोघांत वाद जुंपतो. आमचें म्हणणें असें कीं दोघेहि खरें बोलतात. खारट पाला हा चाराहि आहे आणि विषहि आहे. तो केव्हां काय होईल, हें सोबतच्या पेंढ्यावर आणि सोबतच्या पाण्यावर ठरतें. एवढी एक गोष्ट तुम्ही येथून बांधून नेलीत तर आमचें बोलणें कारणीं लागलें.

प्रथम या झाडांची ओळख करून घेऊं. मिठानें झाड मरतें, हें आपण सर्व जाणतों. बांधाला खांड पडून खाडीचें पाणी शेतांत शिरलें कीं भाताचें काय होतें तें कोणाला सांगावयास नको. मग खाजणांतलीं झाडें जगतात कशीं? त्यांच्या तीन युक्त्या आहेत. कांहीं झाडें मीठ दारांतच अडवितात, कांहीं तें घामासारखें बाहेर टाकतात, आणि कांहीं तें पोटांत सांठवून ठेवतात. शेरडाच्या दृष्टीनें हा भेद फार महत्त्वाचा आहे.

दारांत अडविणाऱ्यांतलें ठळक झाड म्हणजे कांदळ. त्याच्या मुळ्या पाणी आंत घेतात आणि बहुतेक मीठ बाहेरच ठेवतात. पण त्याच्या सालींत आणि पानांत तुरटपणा फार. याच सालीनें पूर्वीं कातडीं कमावीत. तो तुरटपणा पोटांत गेला कीं चाऱ्यांतलें प्रथिन बांधून ठेवतो. म्हणून कांदळाला शेरडूं तोंड लावील, पण त्यावर पोसणार नाहीं.

घाम गाळणाऱ्यांत तिवर पहिलें. तेंहि बरेंचसें मीठ मुळाशींच अडवितें, आणि जें आंत शिरतें तें पानांतून बाहेर टाकतें. कोरड्या दिवसांत तिवराच्या पानावर बारीक पांढरे कण दिसतात. जीभ लावून पाहा, मीठ आहे. खाजणाच्या बांधावर हरळीसारखें, पण ताठ आणि टोकदार पानांचें एक गवत पसरतें, तेंहि असाच घाम गाळतें. शेरडांपुढें टाकण्याजोगा पाला आहे तो या जातीचा. वाळल्या तिवराच्या पाल्यांत १०० भागांत सुमारें १० भाग प्रथिन असतें; भाताच्या पेंढ्यांत तें ३-४ भागांच्या वर क्वचितच जातें. आपल्या किनाऱ्यावर तिवराच्या डहाळ्या गुरांपुढें टाकण्याची रीत जुनी आहे ती उगीच नव्हे. कच्छांत खाराई नांवाचे उंट आहेत. ते खाडींत पोहत जाऊन तिवरावर चरतात. २०१५ सालीं त्यांची स्वतंत्र जात म्हणून सरकारदरबारीं नोंद झाली. पण हेंहि लक्षांत ठेवा कीं ते उंट गोडें पाणी पिण्यासाठीं पुन्हां किनाऱ्यावर येतात. खाडींत चरणें आणि किनाऱ्यावर पिणें, हें त्यांच्या पाळणाऱ्यांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे.

तिसरी जात पोटांत सांठविणारी. जमिनीवर सरपटत जाणारी जाड, रसाळ पानांची खारी घोळ, मोरास आणि त्यांचीं भावंडें या जातींत येतात. पान दाबलें तर पाणी निघतें आणि तें पाणी खारट असतें. माणसें यांतल्या कांहींची भाजी करतात. पण ती आधीं उकडून, तें पाणी फेंकून देऊन. शेळीला पाला उकडून कोण घालतो? या जातींत मिठाशिवाय दुसरी एक खोड असते. आंबुशीच्या पानाला जें आंबट करतें तेंच आम्ल यांच्यांतहि मिठाशीं जोडलेलें असतें. तें रक्तांतला चुना ओढून घेतें. उपाशी जनावरानें एकदम पोटभर खाल्लें तर कांहीं तासांत तें थरथरतें, लटपटतें, आडवें पडतें. थोडें थोडें रोज गेलें तर पोटांतले सूक्ष्म जंतू हें आम्ल पचवावयास शिकतात. एकदम गेलें तर त्यांना शिकावयास वेळच मिळत नाहीं. अमेरिकेच्या पश्चिम भागांत हॅलोजेटन नांवाचें असेंच एक खारट रोप आहे. विसाव्या शतकांत त्यानें मेंढरांचे कळपचे कळप आडवे केले. मेलेलीं मेंढरें बहुधा लांबची वाट चालून आलेलीं आणि भुकेलेलीं असत. पोटांत आधीं गवत असलेलीं मेंढरें तेंच रोप थोडें खाऊन वांचत.

आणि चौथें एक झाड असें कीं त्याच्या वाटेला जाऊंच नये. त्याला कोणी हुरी म्हणतात, कोणी गेवा. त्याचा पांढरा चीक डोळ्यांत गेला तर माणसाची दृष्टि जाण्याची भीति. तिवराच्या जवळपासच तें उगवतें. पोराबाळांना चाऱ्यासाठीं पाठवितां तर पहिल्यानें हें झाड ओळखावयास शिकवा. डहाळी मोडली आणि दुधासारखा चीक आला कीं तिला हात लावूं नये.

आतां हिशेबाकडे वळूं. आमच्या बहुजनसमाजाला हिशेबानेंच आजवर बुडविलें आहे. सावकाराच्या वहींत काय लिहिलें तें आम्हांला वाचतां येत नसे. शेळीच्या पोटाचा हिशेब तरी आपण स्वतः मांडूं या. ३० किलो वजनाची शेळी दिवसाला, वाळल्या वजनानें धरलें तर, सुमारें १ किलो चारा खाते. तिला दिवसाला मीठ लागतें ५ ते १० ग्रॅम, म्हणजे फार तर दोन लहान चमचे. पोटांत मीठ सांठविणाऱ्या झाडांच्या वाळल्या पाल्यांत १०० भागांत २० ते ३० भाग क्षार असूं शकतात. तसा पाला शेळीनें किलोभर खाल्ला तर पोटांत २०० ते ३०० ग्रॅम क्षार गेले. गरजेच्या हे वीस पटींहून अधिक झाले. हें सगळें मूत्रावाटें बाहेर टाकावयाचें, आणि त्याला लागतें पाणी. शिवाय १०० भागांतले २५ भाग मीठच असतील तर पोट फुगलें तरी अंग धरणार कोठून? ताटांत भाकरीच्या जागीं मीठ वाढल्यासारखें तें झालें.

हाच पाला चौथा हिस्सा धरा. २५० ग्रॅम पाला, आणि बाकी ७५० ग्रॅम पेंढा, वाळलें गवत, झाडपाला, मूठभर कोंडा. आतां क्षार गेले ५० ते ७५ ग्रॅम. गोडें पाणी पोटभर मिळालें तर धट्टीकट्टी शेळी हें निभावून नेते. पाल्यांतलें प्रथिनहि अंगीं लागतें, कारण त्यांतला बराच भाग कच्च्या रूपांत असतो, आणि पोटांतले जंतू त्याचें पक्कें प्रथिन करतात तें सोबत कोंडा, कणी, गवत असें कांहीं असेल तरच. ऑस्ट्रेलियांतले शेतकरी आज हेंच करतात. तेथें खारट जमिनींत सॉल्टबुश नांवाचीं झुडपें ओळींनीं लावतात आणि मधल्या पट्ट्यांत गवत किंवा धान्याचें धसकट ठेवतात. मेंढरूं दोन घांस खारट खातें आणि चार घांस गोडे खातें. नुसतें सॉल्टबुश खाणारें मेंढरूं तेथेंहि वजन गमावतें.

खारट चाऱ्याचा द्वेष करण्याचेंहि कारण नाहीं. फ्रान्सच्या किनाऱ्यावर भरतीखालच्या खारट कुरणांत चरलेल्या कोंकरांच्या मांसाला अधिक भाव येतो. स्कॉटलंडच्या उत्तरेस नॉर्थ रोनाल्डसे नांवाचें बेट आहे. तेथें १८३२ सालीं बेटाभोंवतीं दगडी गडगा घालून मेंढरें समुद्राच्या बाजूला ठेविलीं. तीं समुद्रांतलें शेवाळ खाऊन जगतात. तात्पर्य, मीठ हा शत्रु नाहीं. अति तेथें माती, एवढेंच खरें.

आतां मघांच्या त्या दोन माणसांचा वाद सोडवूं. पहिल्याचीं शेरडें सकाळीं डोंगरावर चरून येत, वाटेंत ओढ्यावर पाणी पीत, आणि संध्याकाळीं चार डहाळ्या तिवराच्या खात. दुसऱ्याचीं करडें रात्रभर उपाशी, सकाळीं खाजणांत सोडलीं, समोर हिरवीगार घोळ दिसली, पोटभर खाल्ली, आणि तहान लागली तेव्हां खाडीच्या डबक्यांतलें मचूळ पाणी प्यालीं. पाला दोघांच्याहि खाजणांतला. एकाचें दूध वाढलें, दुसऱ्याचें करडूं गेलें.

पाण्याची गोष्ट अधिक फोड करून सांगतों. समुद्राच्या १ लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. शेळ्यामेंढ्या मोठ्या काटक. लिटरांत ५ ग्रॅमपर्यंत क्षार असलेलें मचूळ पाणी त्या बहुधा पचवितात. १० ग्रॅमच्या वर गेलें कीं मोठ्या जनावरालाहि धोका, आणि गाभण शेळीला व करडांना त्याच्या आधींच. पण हा हिशेब चारा गोडा असतांना. चारा खारट आणि पाणीहि खारट असेल तर मूत्रपिंडानें काय करावें? खारट पाल्यावर शेळी नेहमींच्या दुप्पट पाणी मागते, कधीं त्याहूनहि अधिक. तें तिला मिळालें नाहीं तर ती चाऱ्यावर तोंड टाकते, हगवण लागते, आंधळ्यासारखी भिंतीला धडकते, झटके येतात. अशा वेळीं घाबरून तिच्यापुढें एकदम बादलीभर पाणी ठेवूं नये. मेंदूला सूज येऊन ती हातची जाते. गोडें पाणी घोटघोट, थोड्या थोड्या वेळानें द्यावें आणि पशुवैद्यास बोलवावें.

आणि निसर्गाची थट्टा पाहा. पावसाळ्यांत खाजण धुऊन निघतें, पाल्यांतलें मीठ उतरतें, पण तेव्हां डोंगरभर हिरवें असतें, खाजणाकडे कोण जातो? चाऱ्याची ओढ लागते चैत्र-वैशाखांत, आणि नेमकें त्याच वेळीं जमिनींतलें मीठ वर येतें, पाला सर्वांत खारट होतो, आणि विहिरींचा तळ दिसूं लागतो. म्हणजे ज्या महिन्यांत हा पाला हवा, त्याच महिन्यांत तो सर्वांत वाईट आणि त्याला उतारा असलेलें पाणी सर्वांत दुर्मिळ. हें ओळखून आधींची तयारी करावी. पाऊस उघडल्यावर आश्विन-कार्तिकांत पाला तुलनेनें गोडा असतो. बांधावरचें खारें गवत त्या वेळीं कापून, वाळवून, पेंढ्याच्या थरांत थर घालून रचून ठेवावें.

मग घालावा कसा? पहिली गोष्ट, उपाशी पोटीं कधींहि नको. आधीं पेंढा-गवत, मग खारट पाला. दुसरी, आरंभ एका मुठीनें करावा आणि पंधरा दिवसांत हळूहळू चौथ्या हिश्शापर्यंत चढवावा, त्यापुढें नाहीं. रसाळ पानांची घोळ असेल तर चौथा हिस्साहि नको, ओंजळभर पुरे. तिसरी, तीन महिन्यांच्या आंतलीं करडें, गाभण शेळी आणि नुकती व्यालेली शेळी यांना हा पाला देऊंच नये. चौथी, पाला देण्यापूर्वीं साध्या पाण्यांत बुचकळून झटकावा. पानावरचें सुटें मीठ धुऊन जातें. पांचवी, त्या दिवसांत वेगळें मीठ देणें बंद. सहावी, कारखान्यांच्या सांडपाण्याच्या वाटेवर उगवलेला पाला कितीहि हिरवा दिसला तरी आणूं नये. खारट चिखलांतलीं झाडें मिठाबरोबर दुसरेंहि पुष्कळ कांहीं ओढून घेतात.

पाला किती खारट आहे हें पाहण्यास प्रयोगशाळा लागत नाहीं. कडक वाळलेला पाला १०० ग्रॅम तोलून लोखंडी घमेल्यांत जाळावा, पांढरी राख होईपर्यंत. मीठ जळत नाहीं. ती राख गोड्या पाण्यांत कालवून फडक्यांतून गाळावी, आणि तें पाणी आटवावें. तळाशीं जें उरेल तें पाल्यांतलें मीठ आणि क्षार. तें तोलावें. १० ग्रॅमच्या आंत असेल तर निर्धास्त असा; २० च्या वर असेल तर हात आंखडता घ्या. गांवांतल्या शाळेच्या गुरुजींना सांगा, ते पोरांकडून हा प्रयोग आनंदानें करवून घेतील. आपल्या पोरांना पुस्तकांतला क्षार ठाऊक असतो, बांधावरचा नसतो.

आतां पोलादपूरच्या मंडळींकडे वळतों. तुम्ही म्हणाल, आमच्याकडे ना खाडी ना खाजण, आम्हांला या पाल्याचें काय? तुम्हांला पाल्याची जरूर नाहीं, मिठाची आहे. तुमच्या डोंगरांतला चारा अळणी. शेरडें भिंती चाटतात, माती चाटतात, माणसानें लघवी केलेली जागा हुंगतात, तें मिठासाठीं. खालून पाला वाहून नेण्याची यातायात करूं नका; दर शेळीमागें रोज चिमूट-दोन चिमूट जाडें मीठ कोंड्यांत घाला, किंवा मिठाचा खडा गोठ्यांत टांगून ठेवा. बदल्यांत तुमच्याकडे जें आहे तें खालच्यांना हवें आहे: डोंगरउतारावरचें वाळलें गवत. पूर्वीं या घाटांनीं मीठ बैलांच्या पाठीवरून वर जाई आणि घाटमाथ्याचें धान्य खालीं येई. महाडची पेठ त्याच व्यापारावर वाढली. आज पोलादपूरचें गवत पावसाच्या तोंडाशीं वणव्यांत जळून जातें, आणि वीस-पंचवीस मैलांवर खाजणांतलें शेरडूं नुसत्या खारट पाल्यावर झुरतें. दोन गांवांनीं बसून ठरविलें तर गवताच्या दोन गाड्या खालीं येऊन कित्येक करडें वांचतील. यांत सरकारची परवानगी लागत नाहीं आणि दलालहि लागत नाहीं.

धनगर बांधवांना एक शब्द. तुम्ही साताऱ्याकडून, फलटणाकडून दिवाळीनंतर घाट उतरतां. मेंढरें कोंकणच्या शेतांत बसवितां आणि शेतकरी त्याचें धान्य देतो. खाजणांत चरलेलें मेंढरूं खाल्लेलें मीठ रात्रीं शेतांतच टाकणार. उघड्या भाताच्या शेतांत तें पावसानें वाहून जाईल. पण भाजीपाल्याच्या वाफ्यांत त्या रात्रीं मेंढरें बसवूं नका, नाहींतर ज्या खतासाठीं शेतकऱ्यानें बोलाविलें त्याच खतावरून भांडण व्हावयाचें.

आतां कायद्याची गोष्ट. खाजणांत कोयता घेऊन जाण्यापूर्वीं ती ऐकून घ्या. तिवर, कांदळ हीं झाडें तोडण्यास मुंबई उच्च न्यायालयानें २००५ सालीं मनाई केली आणि १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालानें ती पक्की केली. जमीन सरकारी असो कीं तुमच्या नांवावरची, झाडाला कुऱ्हाड लावतां येत नाहीं. या मनाईचा आम्ही निषेध करीत नाहीं. तिवरें आहेत म्हणून भरतीचा मार बांधावर येत नाहीं. तिवर गेलें कीं बांध जातो, बांध गेला कीं शेत जातें. बांधाच्या ढालीचा पाला करून शेरडांना घालणें म्हणजे घराचीं वासेंच चुलींत घालणें.

पण न्याय सर्वांना सारखा हवा. अहमदाबादच्या वेगवान आगगाडीसाठीं सुमारें २० हजार तिवरें तोडण्यास त्याच न्यायालयानें डिसेंबर २०२२ मध्यें परवानगी दिली, कारण तें सार्वजनिक हिताचें काम ठरलें. एखाद्या विधवेच्या दोन शेरडांनीं दोन डहाळ्या खाल्ल्या तर तें मात्र वनाचें नुकसान! शेळी जाते जिवानिशीं आणि खाणारा म्हणतो वातड. जोतीराव फुल्यांनीं १८८३ सालच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथांत हेंच गाऱ्हाणें मांडिलें होतें: जंगलखात्यानें गांवोगांवचीं गायरानें आणि राखीव रानें घशांत घातलीं, गरिबाच्या शेरडाकरडांना उभें राहावयास जागा ठेविली नाहीं. तें लिहून १४० वर्षांहून अधिक काळ लोटला. खातीं बदललीं, साहेब बदलले, शेरडाची जागा कांहीं वाढली नाहीं.

म्हणून आमच्या मागण्या मोजक्या आणि सरळ आहेत. पनवेलला कोंकण कृषि विद्यापीठाचें खारजमीन संशोधन केंद्र आहे. खाऱ्या जमिनींत येणाऱ्या भाताच्या जाती त्यानें दिल्या, त्याबद्दल शेतकरी ऋणी आहे. त्या केंद्रानें शेरडांच्या खारट चाऱ्याकडेहि तितकेंच लक्ष द्यावें आणि कोणता पाला, कोणत्या महिन्यांत, किती, याचें कोष्टक आमच्या भाषेंत गांवच्या चावडीवर लावावें. खारबंदिस्तीच्या आंतल्या पडीक जमिनींत आणि बांधाच्या आंतल्या अंगाला भेंड, शेवरी, विलायती चिंच अशीं मीठ सोसणारीं आणि शेरडांना आवडणारीं झाडें लावण्यास खारभूमि खात्यानें मदत करावी. म्हणजे तिवराला हात लावण्याची वेळच येणार नाहीं. आणि तिसरी मागणी सर्वांत मोठी: खाजणाच्या तोंडाशीं, जेथें जनावरें चरून वर येतात तेथें, गोड्या पाण्याची डोणी.

या तिसऱ्या मागणीसाठीं आम्ही इतकें बोललों. खारट पाला फुकट आहे, पण तो पचविणारें गोडें पाणी फुकट नाहीं. ज्याच्या दारीं विहीर आहे त्याच्या शेळीला तिवर हा चारा आहे. ज्याच्या दारीं विहीर नाहीं त्याच्या शेळीला तेंच तिवर विष आहे. झाड एक, मीठ एक, शेळीची जात एक. फरक पाडते ती विहीर, आणि विहीर कोणाच्या आळींत आहे ती गोष्ट. रायगडांत पाऊस कमी नाहीं; उन्हाळ्यांत पाणी कोणाला मिळतें आणि कोणाला नाहीं हा प्रश्न आहे.

हें आम्ही महाडांत बोलतों आहों. १९२३ सालीं सीताराम केशव बोले यांनीं मुंबई कायदेकौन्सिलांत सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करण्याचा ठराव मंजूर करून घेतला. महाडच्या नगरपालिकेनेंहि चवदार तळें खुलें केल्याचा ठराव केला. तरी तळ्यावर गुरेंढोरें पाणी पीत आणि अस्पृश्य म्हटलेल्या माणसांना मात्र मनाई होती. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकरांनीं त्या तळ्याचें पाणी ओंजळींत घेतलें तेव्हां तो हक्क कागदावरून काठावर आला. पाण्याचा ठराव होणें निराळें आणि पाणी घशाखालीं उतरणें निराळें, हें महाडाइतकें दुसऱ्या कोणत्या गांवाला ठाऊक आहे? म्हणून डोणी बांधाल तेव्हां ती कोणाच्या वाडीजवळ, चावी कोणाच्या हातीं, आणि भर वैशाखांत तींत पाणी कोण ओतणार, हें ग्रामसभेंत बोलून, लिहून, सर्वांच्या सह्या घेऊन ठरवा. कोणाचें शेरडूं हें विचारून पाणी सोडणारी डोणी आम्हांला नको. वाटेनें आलेल्या धनगराच्या मेंढराला, कातकऱ्याच्या शेळीला आणि पाटलाच्या बोकडाला तींत सारखेंच तोंड घालतां आलें पाहिजे.

बायांनो, शेवटचा शब्द तुम्हांला. शेरडांमागें तुम्ही जातां, पाणी तुम्ही भरतां, आणि करडूं मेलें तर बोल तुम्हांला लागतो. कोणत्या बांधावर कोणता पाला आहे, कोणती शेळी काय खाऊन आली, हें तुम्हांइतकें कोणत्याहि साहेबाला ठाऊक नाहीं. ग्रामसभेंत डोणीचा विषय निघेल तेव्हां मागें बसूं नका. आणि तोंवर एवढें करा: येत्या वैशाखांत शेरडूं खाजणांत सोडण्यापूर्वीं त्याच्या पोटांत मूठभर पेंढा आहे कीं नाहीं आणि तें परत येईल तेव्हां दारांत बादलीभर गोडें पाणी आहे कीं नाहीं, हें पाहा. दोन्ही असतील तर खुशाल सोडा. नसतील तर समोर कितीहि हिरवें दिसो, दावें सोडूं नका.